क्लाउड मारायचा राहिला

आमचं ऑफिस म्हणजे भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करायचं काम चालायचं. सकाळी साडेनऊला मशीन सुरू झालं की संध्याकाळी सहापर्यंत कान किटायचे, आणि हवेत सतत काळी भुकटी. कॉम्प्युटरांवर आम्ही जुन्या साड्यांचे तुकडे घालून ठेवायचो, तरी ती भुकटी कीबोर्डच्या फटींत शिरायचीच. घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. त्या गाळ्यात बसून आम्ही आठ जण एका जहाजाची ड्रॉइंग काढत होतो. ते जहाज आमच्यापैकी कुणीही कधी बघणार नव्हतं.

जहाज तरी कसलं, तरंगता कारखाना होता तो. खोल समुद्रात एका जागी नांगरून ठेवायचा. समुद्राच्या तळाखालून येणारा नैसर्गिक वायू त्याच्यावरच साफ करायचा, उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करायचा आणि दुसऱ्या जहाजांत भरून परदेशी पाठवायचा. वायू होता पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा. काम मिळालं होतं एका मोठ्या परदेशी कन्सल्टंटला. त्यांनी ड्रॉइंगचं काम मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीला दिलं, त्या कंपनीनं आम्हाला. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्या कामातला मान गळून गेलेला असायचा, घाई तेवढी शिल्लक राहायची.

मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी पगाराच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असे. आयटीआय करून लागले तेव्हा ड्रॉइंग बोर्ड होते, हाताला शाई लागायची. मग कॉम्प्युटर आले आणि मान दुखायला लागली. ही गोष्ट दोन हजार सहा-सातची. तेव्हा माझी सोळा वर्षं याच कामात गेली होती. जेसल पार्कात छोटंसं घर, नवरा, सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी. सकाळी पाचला उठायचं, चौघांचं करायचं आणि गाळ्यात येऊन बसायचं. त्या वर्षात मी खरं म्हणजे कधीच पुरती जागी नव्हते. कुणी विचारलं, कशी आहेस, की मी म्हणायचे, "चाललंय."

पुढचं कळायला आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ड्रॉइंग एकदा काढून संपत नाही. आज एक व्हॉल्व्ह वाढतो, उद्या एक पाइप सरकतो, परवा कुणा साहेबाला काहीतरी सुचतं. दर वेळी नवी आवृत्ती निघते. मग बघणाऱ्यानं काय काय बघायचं? म्हणून जिथे बदल केला असेल तिथे भोवती नागमोडी रेघ काढायची. लहान मूल ढग काढतं तशी दिसते ती. त्याला आम्ही क्लाउड मारणं म्हणतो. बघणारा फक्त क्लाउडच्या आतलं बघतो आणि सही करतो. क्लाउडच्या बाहेर काही बदललेलं नाही, हा काढणाऱ्यानं बघणाऱ्याला दिलेला शब्द असतो.

अर्थात विसरायलाही होतं. दिवसाला वीस-वीस शीट काढल्या की एखादीवर क्लाउड राहून जातो. मग वरून फोन येतो, शिव्या पडतात, आपण म्हणतो, "सॉरी सर, क्लाउड मारायचा राहिला." हे वाक्य आमच्या गाळ्यात चहा आला का इतक्याच सहज बोललं जायचं.

दिवाळी झाल्यावर ती आली. त्या देशाच्या सरकारी गॅस कंपनीची इंजिनिअर. माझ्याच वयाची असेल, चाळिशीला टेकलेली. उंच, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात लटकवलेला. ड्रॉइंग तपासून मंजूर करायला तिला दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं. मुंबईतल्या कंपनीनं तिला त्यांच्या एसी ऑफिसात बसवायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, ड्रॉइंग जिथे बनतं तिथेच मी बसणार. त्यांना वाटलं, भाईंदरचा गाळा बघितला की आपसूक परत येईल. ती आली, खालचं पॉलिशचं मशीन पाच मिनिटं उभं राहून बघितलं, वर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि स्वतःचा रुमाल काढून टेबल पुसलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही डोक्यावर बसणार.

अंधेरीच्या हॉटेलातून रोज यायला तिला दीड तास लागायचा, म्हणून आमच्या साहेबांनी मला इथेच तिच्यासाठी खोली बघायला सांगितलं. सगळी असली कामं माझ्याकडेच यायची. मीरा रोडला चार एजंट पालथे घातले. फोनवर सगळे म्हणायचे, "फॉरेनर? चलेगा मॅडम, बिलकुल चलेगा." तिला समोर बघितलं की चेहरा बदलायचा. "सोसायटी का परमिशन नहीं है." चौथ्या एजंटकडून निघताना मला तिच्याकडे बघायची लाज वाटली. ती मात्र म्हणाली, "चला, भूक लागलीय." आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, माझं मोडकं, तिचं सफाईदार. इथे मी ते मराठीत सांगतेय.

शेवटी पेणकरपाड्यातल्या एक काकी आठवल्या. त्यांची सून आयटीआयला माझ्याबरोबर होती. तिथले मूळचे लोक. पूर्वी भातशेती आणि मिठागर होतं, आता त्या जागेवर बिल्डिंगी आणि यांचं दोन मजली घर. वरची खोली रिकामी होती. काकींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मला एकच प्रश्न विचारला.

"म्हावरा खाते ना ती?"

मी विचारून सांगितलं की तिची आईच मासे भाजून विकते, समुद्राकाठचं गाव आहे.

"मंग ऱ्हाऊ दे. इचारायचं काय हाय त्यान?"

पुढच्या आठवड्यात बघते तर दोघी ओट्यावर शेजारी शेजारी बसून सुके बोंबील साफ करत होत्या. काकी आगरीत बोलत होत्या, ती तिच्या भाषेत, आणि दोघींचं छान चाललं होतं. मला तीन भाषा येत असून माझं घरात कुणाशी इतकं बोलणं होत नव्हतं.

कामाला ती वाघ होती. अडीचशेच्या वर शीट, त्यातली प्रत्येक शीट ती वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत वाचायची, बोट ठेवून. चार दिवसांत अकरा शीट झाल्या. आमचे साहेब डोकं धरून बसले. साहेब गुजराती, माणूस वाईट नव्हता, मला बेन म्हणायचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, इनको समझाओ. अशी बघत बसली तर आपलं काम होळीला पण संपणार नाय."

म्हणून मी तिला समजावलं. हे मुद्दाम सांगते, कारण ते मीच केलं. मी तिला सांगितलं की पहिली आवृत्ती तुम्ही पूर्ण वाचा, हरकत नाही. पण पुढच्या आवृत्त्यांत फक्त क्लाउड बघा, बाकीचं सोडा. ती म्हणाली, बाकीच्यात काही बदललं असेल तर? मी म्हटलं, बदललं असतं तर क्लाउड असता. मग तिनं विचारलं, "काढणारी तूच ना?" मी म्हटलं, बहुतेक शीट माझ्याच. "मग ठीक आहे," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचा वेग चौपट झाला आणि साहेबांनी मला दुपारी वडापाव मागवला.

एक शीट मात्र ती दर वेळी पूर्ण बघायची. त्या शीटवर, वायू साफ होऊन थंड व्हायला जाण्याच्या आधी, मुख्य पाइपातून एक फांदी फुटायची. तिच्यावर एक व्हॉल्व्ह, एक मीटर, पुन्हा एक व्हॉल्व्ह आणि पुढे बाण. बाणाच्या टोकाशी लिहिलेलं, किनाऱ्याकडे. सगळ्या जहाजातली एवढी एकच लाइन त्या देशासाठी होती. बाकी सगळं बाहेर जाणारं.

एकदा डबा खाताना तिनं त्या लाइनीबद्दल सांगितलं. तिच्या गावासमोर समुद्रात तेलाचे जुने प्लॅटफॉर्म होते. तेलाबरोबर येणारा वायू तिथे नुसता जाळून टाकत. ती लहान असल्यापासून घराच्या दारातून ती ज्योत दिसायची, दिवसा फिकट, अंधार पडला की लालभडक. आणि दाराच्या आत आई ओली लाकडं फुंकत मासे भाजायची. आता आईला एका डोळ्यानं दिसत नाही. गावात वीजघर बांधून तयार होतं, यंत्रं गॅसवर चालणारी, पण गॅसच नव्हता. डिझेलवर आठवड्यातून दोन दिवस वीज. या जहाजाच्या करारात, थोडा वायू गावाला द्यायचा, ही अट तिनं तीन वर्षं भांडून घालून घेतली होती. तिच्या ऑफिसात तिला त्यावरून चिडवायचे, बाईची पाइपलाइन म्हणून.

"ती लाइन राहिली पाहिजे," ती म्हणाली. "बाकी जहाज त्यांना हवं तसं करू दे."

मी तिला सांगितलं की आमच्याकडेही सिलिंडरला नंबर लावून दोन-दोन आठवडे थांबावं लागतं, आणि पाइपचा गॅस येणार येणार म्हणून मीरा रोडला बोर्ड लागलेत. ती हसली. मला उगाच बरं वाटलं की तिला आपलंही काही कमी आहे हे सांगितलं. आता वाटतं, काय ती तुलना.

लाइन आधी दहा इंची होती. मग कन्सल्टंटकडून बदल आला, आठ. तिनं भांडून पत्र लिहिलं. मग सहा झाली. हे सगळे बदल मी क्लाउड मारून दाखवले आणि तिनं प्रत्येक क्लाउडवर लाल पेनानं कडक शेरे मारले. सहावर ती अडून बसली. सहाच्या खाली वीजघर चालणार नाही, म्हणाली. आठवडाभर फोनवर फोन. शेवटी तिकडून उत्तर आलं की ठीक आहे, सहा. त्या दिवशी ती बाजारातून सगळ्यांसाठी जिलेबी घेऊन आली आणि स्वतः पाव किलो संपवली.

तिच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन. दरवाजा ओढून घेतला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बेन, वरून आलंय. ही किनाऱ्याची लाइन काढायची. व्हॉल्व्ह, मीटर, सब."

मी म्हटलं, "मॅडमना माहितीय?"

"फेज टू मध्ये जातेय ती. नंतर करणार. पैशाचं गणित बसत नाय म्हणतात त्यांचं." साहेब टेबलावरच्या काचेखालचा फोटो बघत बोलत होते. "आणि क्लाउड नको मारू."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी काय करू, बोल? मी नाय म्हटलं तर दुसऱ्याकडे जाणार काम. तोही हेच करणार. आपण आठ माणसं आहोत, बेन."

माणूस वाईट नव्हता हे मी आधीच म्हटलंय. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी भांडले असते तर त्यांनी कदाचित ऐकलं असतं, कदाचित नसतं. मी भांडले नाही. मी जागेवर जाऊन बसले. ती दुसऱ्या टोकाला शीटचा गठ्ठा बांधत होती. मी लाइन निवडली आणि डिलीट दाबलं. मग दोन व्हॉल्व्ह, मग मीटर, मग बाण, मग किनाऱ्याकडे हा शब्द. मुख्य पाइपातली फांदीची जागा बुजवून रेघ सरळ केली. मिनिटभराचं काम. तिची तीन वर्षं होती त्यात, आणि मला तेव्हाचं आठवतंय ते एवढंच की घरी जाताना पाव घ्यायचेत, हे विसरायला नको.

दुसरीच एक किरकोळ दुरुस्ती त्या शीटच्या खालच्या कोपऱ्यात होती. तिला मी व्यवस्थित क्लाउड मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा गठ्ठा तिच्या पुढ्यात आला. एकशे दहा शीट, आणि दुपारपर्यंत सह्या हव्या होत्या, कारण संध्याकाळी कुरियर जायचं होतं. ती भराभर उलटत होती, क्लाउड बघ, सही कर. ती शीट आली. मी शेजारीच होते. तिनं नेहमीप्रमाणे चष्मा डोळ्यांवर ओढला, मग घड्याळ बघितलं. तिनं माझ्याकडे मान वळवली.

"यात सगळं क्लाउडमध्ये आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

तिनं खालच्या कोपऱ्यातला क्लाउड बघितला आणि सही केली. त्यानंतर आम्ही डबा खाल्ला. काकींनी तिच्याबरोबर माझ्यासाठीही तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली होती. ती मी खाल्ली. घशाखाली उतरली नाही वगैरे काही झालं नाही. छान उतरली. हेच मला जास्त लागतं.

ती गेली त्या दिवशी काकींनी तिला सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली, विमानात वास येईल म्हणून तीन प्लॅस्टिकांत गुंडाळून. तिनं मला मिठी मारली. मला मिठीची सवय नाही, मी खांबासारखी उभी राहिले.

साडेचार महिन्यांनी कळलं. लोखंडाची ऑर्डर देताना तिच्या लक्षात आलं की सहा इंची पाइप यादीतच नाही. तिनं मागची आवृत्ती आणि सही केलेली आवृत्ती शेजारी ठेवून बघितली. मग वरून खाली सगळीकडे पत्रापत्री झाली. आमच्या साहेबांनी मुंबईच्या कंपनीला लिहून दिलं की ड्राफ्ट्समनच्या नजरचुकीनं क्लाउड मारायचा राहिला, दिलगीर आहोत. ते पत्र माझ्याकडून टाइप करून घेतलं. मी टाइप केलं. साहेबांनी विचारलं, "तुझं नाव नाय टाकलं, चालेल ना?" जणू माझ्यावर उपकारच.

त्या शनिवारी दुपारी मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. मुलीनं मला एक ईमेल काढून दिला होता, तो फारसा कुणाला माहीत नव्हता. मॅडमला मीच दिला होता. तिचं पत्र आलेलं होतं. पत्र लांब नव्हतं. तिनं लिहिलं होतं की इथे म्हणतात, बाई, सही तुमची आहे, म्हणजे ती अट सोडणं तुम्हाला मान्य होतं. क्लाउड चुकून राहिला असेल, तर न बघता सही केली हा माझा दोष, आणि लाइन गेली ती गेली. पण कुणी तो मारू नका असं सांगितलं असेल, तर करारानुसार माझी सही बाद ठरते, तपासणी पुन्हा होते आणि लाइन परत घालावी लागते. कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. नाव नको. मला फक्त तुझ्याकडून एक ओळ हवी, राहिला की राहू दिला. सोमवारी समितीपुढे जायचं आहे.

मी बराच वेळ ते वाचत बसले. पलीकडच्या खुर्चीवर कुणी रेल्वेच्या भरतीचा फॉर्म भरत होतं. एक ओळ लिहायची होती. ती लिहिली असती तर लाइन परत आली असती, त्या गावात वीज आली असती, तिच्या आईच्या चुलीपुढचा धूर कमी झाला असता. हे सगळं मला नीट कळत होतं. मी काही अडाणी नाही.

लोकांना सांगताना मी म्हणते की मी घाबरले. नोकरी जाईल, गाळा बंद पडेल, आठ घरं उघड्यावर पडतील. घाबरले म्हटलं की ऐकणारा मान हलवतो, आपल्याला थोडी इज्जत राहते. खरं असं आहे की मी घाबरले नव्हते. मी दमले होते. त्या एका ओळीनंतर पुन्हा पत्रं येणार, कुणीतरी फोन करणार, मुंबईला बोलावणार, समोर बसवून विचारणार, मी मोडक्या इंग्रजीत उत्तरं देणार, साहेब तोंड पाडून बसणार, घरी सांगावं लागणार. ते सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मला फक्त घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटलं. मी लिहिलं, सॉरी मॅडम, चूक माझी, क्लाउड मारायचा राहिला. पाठवलं. कॅफेवाल्याला अर्ध्या तासाचे पैसे दिले आणि घरी येऊन खरोखर झोपले.

पुढच्या शनिवारी तिचं उत्तर होतं. लगेच कळवल्याबद्दल आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, समितीत कुणीतरी म्हणालं की ड्राफ्ट्समनला दबाव टाकून गप्प केलं असेल. मी त्यांना सांगितलं की तसं असतं तर तिनं मला सांगितलं असतं, मी तिच्या शेजारी दोन महिने बसलेय. त्यामुळे मी तुझा शब्द धरला. मला या प्रोजेक्टवरून काढलं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांच्याच हातून एखादा क्लाउड राहतो. काकींना सांग, बोंबील संपले.

मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. काय देणार होते?

वर्षभरात जगभर मंदी आली आणि ते जहाज कागदावरच राहिलं. काम थांबलं, गाळ्यातले पाच जण गेले, मी राहिले. जहाजच झालं नाही म्हटल्यावर लाइन असती काय आणि नसती काय, हे मी स्वतःला खूप दिवस सांगत होते. सोयीचं होतं. पण त्या शनिवारी कॅफेत बसले होते तेव्हा जहाज होणार नाही हे मला कुठे माहीत होतं? मी लाइन काढली ती जहाज होणार म्हणूनच काढली. तिच्या तोंडाला पानं पुसणाऱ्यांत शेवटचा हात माझा होता, आणि तिनं विश्वास ठेवला तोही नेमका त्याच हातावर.

काकींकडे जायचं मी टाळत होते. एकदा त्यांच्या धाकट्या सुनेला बाळ झालं म्हणून जावंच लागलं. काकी ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. बाळाचं कौतुक झालं, चहा झाला, आणि त्यांनी विचारलं, "आपली ती बाय कशी हाय? तिचे गावान ग्यास आयला का न्हाय?"

मी सगळं सांगून टाकलं. का त्यांनाच सांगितलं, मला माहीत नाही. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. क्लाउड म्हणजे काय ते सांगितलं, लाइन कशी पुसली ते, ती सही करताना काय विचारत होती ते, पत्र, माझं उत्तर, तिचं उत्तर. बोलता बोलता रडायला आलं. काकी कोलंबी सोलत ऐकत होत्या. थांबल्या नाहीत. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे गं, पोटासाठी करावं लागतं. तेवढं एक वाक्य ऐकायलाच बहुतेक मी सांगत होते.

"तिला ठावं हाय ह्या?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग मना कशाला सांगतेस? तिला सांग." आणि टरफलांचं ताट उचलून त्या आत गेल्या.

मी तिथून सरळ कॅफेत गेले. त्या दिवशी मला दमल्यासारखं वाटत नव्हतं. एका दमात लिहिलं, चुकलेलं इंग्रजी तसंच ठेवून. मला सांगितलं होतं. मी राहू दिला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं. सगळं लिहून पाठवलं आणि पाणी प्यायला वळले. परत बघते तर पत्र आलेलं. तिचं नव्हतं. असा पत्ता अस्तित्वात नाही, एवढंच त्यात होतं. ईमेल तिच्या कंपनीचा होता, आणि कंपनीनं तिला फक्त त्या प्रोजेक्टवरून काढून भागवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी तिला शोधायचा प्रयत्न केला नाही. करता आला असता. आता इतक्या वर्षांनी हे सगळं लिहितेय, तेही मराठीत, म्हणजे तिला ते कधी वाचता येणार नाही.